दोन रिलेचे पैसे घेतले, आत निघालं एमसील

२,८५० रुपये दुकानात गेले आणि ६,९५० रुपये त्याचं केलेलं निस्तरण्यात. एकूण ९,८००. हे लिहितानाही लाज वाटते, कारण मी कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच), कॉन्टॅक्टर, फ्यूज हेच रोज मोजून देतो. आणि मलाच पुण्यातल्या एका अॅक्सेसरीजवाल्यानं रिलेमध्ये गंडवलं. हसा.

गाडी ३५० सीसीची, १४ महिन्यांची. घाटात कंपनीचा हॉर्न ट्रकवाल्याला ऐकू जात नाही, आणि पावसात हेडलाइट म्हणजे देवघरातलं निरांजन. सासुरवाडी चिपळूणची, म्हणजे कुंभार्ली घाट वर्षातून पाच-सहा वेळा ठरलेला. हौस म्हणून नाही, गरज म्हणून गेलो. जोडहॉर्न १,१५०, १००/९० वॅटचा बल्ब ३८०, दोन रिलेचं वायरिंग किट ९५०, मजुरी ४००. झाले २,८८०. मी घासाघीस केली, त्यानं तीस रुपये सोडले आणि मी खूश झालो! २,००० यूपीआयवर, तेही दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच कुणाच्या तरी. ८५० रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्क्या बिलाला जीएसटी वेगळा पडेल, साहेब. आपण इथंच आहोत की." व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेननं आकडा लिहून दिला. ते कार्ड अजून पाकिटात आहे. ते पुढे कुणी हातातसुद्धा घेतलं नाही.

रिले का लागतो हे सांगायला नको, पण आकडे बघा. कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. एवढा करंट हँडलच्या स्विचमधून आणि कंपनीच्या बारीक वायरीतून न्यायचा नसतो. स्विचनं फक्त रिलेची कॉईल ओढायची, तिला एका अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही. मोठा करंट बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला आणि ८७ नंबरच्या पिनेतून थेट बल्बला. हे मी झोपेतही सांगेन.

आणि तरीही. त्या मुलानं काम संपवलं, गाडी चालू केली, रेस दिली आणि हॉर्न दाबला. अख्खी गल्ली वळून बघायला लागली. हेडलाइट लख्ख. बॅटरीपासून करंगळीएवढी लाल वायर निघालेली, फ्यूज होल्डरसकट. सीटखाली दोन काळे चौकोनी रिले, वर १२ व्होल्ट ४० अँपिअर छापलेलं. सगळं जागच्या जागी दिसत होतं.

फक्त 'टिक' झालं नव्हतं.

रिले ओढला गेला की टिक वाजतं. दिवसभर माझ्या कानावर तेच असतं. इंजिन बंद, चावी चालू, एक हात रिलेवर आणि हॉर्नच्या बटणावर अर्धा सेकंद बोट, एवढंच करायचं होतं. मी म्हणालोसुद्धा, "इंजिन बंद करून दाखव." तो म्हणाला, "बॅटरी उतरेल, साहेब." नव्या बॅटरीवर हॉर्न एकदा दाबल्यानं बॅटरी उतरते? स्टोअरकीपरला? हे वाक्य मी ऐकलं आणि मान डोलावली. बाजूला एक जण सायलेन्सर तपासत होता, वरून पाऊस, मागे गिऱ्हाइकांची रांग, बायकोचे दोन फोन येऊन गेलेले. कारणं आहेत माझ्याकडे. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा ते "बॅटरी उतरेल, साहेब"च ऐकू येतं.

तुम्ही इंजिन बंद करायला लावाच. नाही म्हणाला तर पैसे देऊ नका, काम झालेलं असलं तरी.

पुढच्या शनिवारी निघालो. हल्लीच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, २०१७ पासून तो सतत चालूच. म्हणजे हा १०० वॅटचा दिवा पुण्यापासून पाटणपर्यंत दिवसाउजेडीही वायर तापवत होता. कोयनानगर सोडल्यावर बायको म्हणाली, "अहो, कसला तरी वास येतोय." मी म्हटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर उजेड पिवळा झाला, मग गेलाच. हेडलाइटच्या टोपीतून धूर. धुकं, पाऊस, दरीच्या बाजूला आम्ही दोघं, हातात मोबाइलची बॅटरी. एका पिकअपवाल्यानं गाडी चढवून घेतली, चिपळूणपर्यंत १,८००. त्याचा राग नाही, तो देवासारखा आला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या वायरिंगवाल्यानं सीट काढली. बोलला काहीच नाही. हॉर्नच्या वायरीला बाहेरून सप्लाय जोडला, दोन्ही रिले सॉकेटमधून उपटून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "दाबा हॉर्न."

हॉर्न वाजला.

रिले माझ्या हातात, आणि हॉर्न वाजतोय. मग त्यानं एक रिले पक्कडीनं फोडला. कॉईल नाही, पट्टी नाही, वजन यावं म्हणून एमसील भरलेलं. बॅटरीपासून आलेली ती जाड लाल वायर टाकीखाली टेपमध्ये गुंडाळून संपवलेली, पुढे कशालाच जोडलेली नाही. ती खरवडली तर आतही तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. हॉर्न आणि बल्ब दोन्ही मूळ वायरीवरच चढवलेले. माझा सगळ्यात जास्त संताप पुढच्या गोष्टीवर आहे: फ्यूज उडू नये म्हणून त्या मुलानं कंपनीचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून ३० चा हिरवा घातला होता. म्हणूनच फ्यूजऐवजी वायर जळली. सॉकेट आणि वायरीचे पैसे घेऊन वर माझ्या गाडीचं संरक्षणही काढून घेतलं. फ्यूजबॉक्सचा फोटो काम सुरू होण्याआधी काढून ठेवा.

मेन वायरिंग ३,२४०, हँडलचा स्विच ६९०, होल्डर आणि कपलर १२०, मजुरी १,१००. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी नाकारली, वायर कापलेली आहे म्हणून. ते बरोबरच आहे, त्यावर मी भांडलो नाही.

१०० वॅटचा बल्ब मी मागितला होता, हे लिहायलाच हवं. मूर्खपणा माझा. पण खऱ्या रिलेवर निदान गाडीचं वायरिंग तरी वाचलं असतं.

दुकानदार म्हणाला, "पाणी गेलं असेल." फुटलेला रिले समोर ठेवला तर म्हणाला, "हा आमचा नाहीच." बँकेला विचारलं, उत्तर आलं की पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, बिल अपलोड करा म्हणाले. कार्डाच्या मागची बाजू अपलोड केली. अकरा दिवसांनी तक्रार निकाली! कशी? विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही म्हणे. दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ उघडं असतं, मी रोज समोरून जातो.

पोलीस चौकीत तर कमालच. अर्ज वाचून हवालदारसाहेब म्हणाले, "मोठा हॉर्न बसवला होता ना? मग आधी तुम्हालाच दंड लागतो." कर्कश आणि बदलत्या सुरांच्या हॉर्नला मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ नं मनाई आहे, मला माहीत आहे. माझा दोन सुरांचा, एकत्र वाजणारा साधा डिस्क हॉर्न होता. हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. मग "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं, रिले म्हणून एमसील विकणं ही फसवणूक नाही? ४२० आता राहिलं नसेल, पण नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. त्यावर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की फसवणारा मीच. अर्जाची पोच मागितली, तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्ताला. तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी मी पोच न घेता हललोच नाही, तेव्हा शिक्का पाच मिनिटांत सापडला. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. कागद तयार आहेत. पण प्रत्येक तारखेला माझा एक दिवसाचा पगार जाणार, आणि दुकानदाराचा एक रुपयाही बुडणार नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही. म्हणून तर तो बिल देत नाही. जीएसटीचे जास्तीचे पैसे जातील ते जाऊ द्या, पक्कं बिल घ्या.

काही जण म्हणतील, कंपनीचंच सामान घ्यायचं. माझ्या हॉर्नची पेटी नामांकित कंपनीचीच होती, हॉर्न नव्हता. आणि किट आपल्या हातानं जोडता येत असेल तर जोडा. कनेक्शन फक्त चार आहेत. जोडता येत नसेल तर काम झाल्यावर रिले स्वतः उपटा आणि बटण दाबा. हॉर्न वाजला तर तुमचंही एमसील आहे.

दुसरा रिले, न फोडलेला, माझ्या स्टोअरच्या टेबलावर ठेवलाय, पुरावा म्हणून. पोरं माल घ्यायला येतात, तो उचलतात आणि तोंडानंच "टिक" म्हणतात. चौकीत शुक्रवारी परत बोलावलंय, साहेब असले तर.