मिरजेहून तंबोरा दुरुस्त करून आणला, त्याबद्दल थोडं सविस्तर

ज्यांच्या घरी आईचा, आजीचा, सासूबाईंचा कुणाचा तरी जुना तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात नाहीतर कपाटावर पडून आहे त्यांच्यासाठी खास लिहितेय. दुरुस्त होतो. फक्त योग्य हातात द्या.

आमच्याकडचा तंबोरा सासूबाईंचा, १९७८ साली त्यांच्या वडिलांनी मिरजेहून घेऊन दिलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात सकाळ म्हणजे आधी तंबोरा आणि मग कुकर. आई सहाला बसायच्या, रियाज वगैरे मोठं नाव नव्हतं त्याला, नुसता सा लावून बसायचं, मग एखादा अभंग, आणि उठल्या की पोळ्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही पण तो आवाज चालू असला की घरात कुणी कुणावर ओरडायचं नाही हे मी बारा वर्षं बघितलंय, मुलगी तर तान्ही असताना त्याच आवाजावर झोपायची.

मग आम्ही घर बदललं आणि टेम्पोत भोपळ्याला तडा गेला. इथेच एकांकडे दुरुस्तीला दिला, त्यांनी तडा बुजवला, वरून चकाचक पॉलिश मारलं आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पण घासून दिली, आणि आवाज असा झाला की पत्र्याच्या डब्यावर तार ताणलीय. आई दोन दिवस बसल्या, तिसऱ्या दिवशी गवसणी घातली. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप घालून दिलं मी त्यांना. ॲप वाईट नाहीये, सुरात असतं, प्रवासात तर फारच सोयीचं, पण आई म्हणाल्या की तार छेडता छेडता मी गाण्यात शिरते गं, हे आपोआप वाजतं तर मी नुसती बसून राहते. हळूहळू बसणंही बंद झालं. दीड वर्ष आमच्याकडे सकाळी फक्त मिक्सर आणि बातम्या.

शेवटी डिसेंबरात मी तंबोरा उचलला आणि कोयना एक्सप्रेसने निघाले. दुपारी पुण्यातून बसलं की संध्याकाळी मिरज. भोपळ्याला दोन गोधड्या गुंडाळून तंबोरा पूर्ण वेळ मांडीवर, कारण रॅकवर ठेवायची माझी हिंमतच झाली नाही.

मिरजेत सतारमेकर गल्ली म्हटलं की रिक्षावाला थेट नेऊन सोडतो. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारी, धार लावणारी. तलवारींचं काम संपलं आणि हात वाद्यांकडे वळले, त्याला आता दीडशे वर्षांच्या वर झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. मी गेले ते दुकान छोटं आहे, दारातच कडू भोपळ्यांची रास (हे भोपळे पंढरपूर भागातून येतात), आत तुनाच्या लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. नाव लिहीत नाही कारण गल्लीत बरीच दुकानं आहेत आणि मी एकाच ठिकाणी काम करून घेतलंय, तुलना करायचा मला हक्क नाही.

दुकानातल्या कारागीर चाचांनी तंबोरा हातात घेतला, भोपळ्यावर बोटाने टकटक केलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला तर "गाणारं कोण? पट्टी कुठली?" तड्याबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं सासूबाई, काळी चार (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला त्यांचा सा). म्हणाले फोन लावा. स्पीकरवर टाकला, आणि त्यांनी आईंना सांगितलं, "मावशी, जरा सा लावा की." आई आधी लाजल्या, मग लावला. दीड वर्षानंतर पहिल्यांदा. चाचा एवढंच म्हणाले "छान आहे", फोन ठेवल्यावर मला हळूच म्हणाले, ताई, गळा आता काळी दोनला आलाय, वयानुसार उतरतो, आपण जवारी काळी दोनला धरून काढू म्हणजे त्यांना ओढावं लागणार नाही. आईंना हे त्यांनी सांगितलं नाही, मी पण नाही सांगितलं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, जवारी म्हणजे घोडीचा वरचा भाग असा बारीक उतरता घासायचा की तार तिला हलकीच स्पर्श करत वाजली पाहिजे, आणि मधे तारेखाली एक सुती धागा सरकवतात. सगळा आवाज तिथे आहे. आधीच्या माणसाने ती सपाट करून टाकली होती. घोडी नवीन घालावी लागली, ती हाडाची. घ्यायला गेले तेव्हा शेवटचं काम माझ्यासमोर केलं. कानसने दोनदा घासायचं, घोडी तारांखाली लावायची, छेडायचं, ऐकायचं, परत काढायची, परत दोनदा. अर्धा पाऊण तास हेच. मग धागा जेमतेम केसभर सरकवला आणि तोच आवाज एकदम फुलला, माझ्या अंगावर काटा आला. म्हणाले खर्ज छेडा आणि नुसतं ऐका, गंधार (म्हणजे ग) येतो का बघा. खर्जाची तार म्हणजे सगळ्यात खालच्या सा ला लावलेली, गंधाराची तार तंबोऱ्यात नसतेच. मी डोळे मिटून ऐकत राहिले आणि चौथ्या पाचव्या वेळी खरंच तो वर कुठेतरी तरंगताना ऐकू आला. ज्या आवाजात मी बारा वर्षं पोळ्या लाटल्या त्यात हा सूर होता आणि मला पत्ताच नव्हता.

आता व्यवहाराचं. तडा, नवी घोडी, तारा, दोन खुंट्या आणि जवारी मिळून ६,२०० रुपये झाले, कामाच्या मानाने मला अजिबात जास्त वाटले नाहीत. पण आठ दिवस सांगून तीन आठवडे लागले, आणि मधे फोन उचलत नव्हते, तेवढं मात्र सुधारायला हवं, बाहेरगावच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. कच्चा आकडा सांगतात, पावती मागितली तर देतात. एक दिवस हातात ठेवून जा. मधल्या वेळेत मी मीरासाहेब दर्ग्यात जाऊन आले, तिथे आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब याच गावात राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. शांत बसायला फार छान जागा आहे.

पावसाळ्यात खुंट्या सैल झाल्या तर खडू लावायचा, तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, असं बजावून सांगितलंय.

घरी आणला त्या संध्याकाळी आईंनी गवसणी काढली, तारा जुळवायला बराच वेळ घेतला, तारांमधले सूर जुळवायचे मणी वर खाली करत. मग सा लावला आणि सहज लागला. म्हणाल्या, "अगं, गळा अजून आहे की माझा." आता परत सहाला बसतात. मुलगी तिसरीत आहे, दप्तर भरता भरता तिचं गुणगुणणं चालू असतं आणि परवा मिक्सर लावला तर म्हणाली आई, हा आजीच्या सा ला लागत नाहीये.

वर्षभराने जवारी परत दाखवायला या म्हणालेत चाचा. दिवाळीनंतर कोयनेची तिकिटं काढणार आहे, तीन. आई येतेच म्हणतायत, त्यांना ते फोनवरचे आवाजवाले बघायचेत.