फायबर झकास, डब्बा ठीकठाक, केबल भंगार: आमच्या लोकल कनेक्शनचा रिव्ह्यू

सिंहगड रोडला आमच्या सोसायटीत जे लोकल फायबरवाले आहेत त्यांचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन दिवाळीपासून वापरतोय. नाव लिहीत नाही, कारण प्रत्येक एरियात माणूस वेगळा असतो त्यामुळे तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, आणि जे खटकलं ते बहुतेक लोकलवाल्यांकडे थोड्याफार फरकाने सापडेलच. आधीच सांगून टाकतो, रस्त्यावरून घरापर्यंत जी काच (म्हणजे फायबर) येते ती मस्त, भिंतीवर ठोकलेला डब्बा (मोडेम) चालून जाईल असा, आणि डब्ब्यापासून पुढे बेडरूमपर्यंत जी केबल ओढून दिली ती निव्वळ भंगार. पण लोक भांडतात कशावरून, तर प्लॅनवरून. नेट स्लो झालं की १०० चा २०० करा, २०० चा ३०० करा. शेवटच्या बारा मीटरमध्ये काय लावलंय ते कोणी बघतच नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा २५६ केबीपीएस होतं आणि त्यात आपण खुश होतो. फोनची तीच तांब्याची जोडी, त्यावर मोडेम, मध्ये तो छोटा स्प्लिटर, नाहीतर फोन उचलला की खरखर. त्यानंतर केबलवाल्यांचा जमाना आला, टेरेसवर एक स्विच आणि तिथून प्रत्येक घरात लॅनची वायर लोंबतेय. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली की निम्म्या बिल्डिंगचे लॅन पोर्ट उडायचे, आणि लाइट गेली की टेरेसवरचा स्विच बंद म्हणून घरी इन्व्हर्टर असूनही नेट नाही. फायबरमध्ये ही दोन्ही दुखणी गेली. काचेतून वीज वाहत नाही, आणि त्यांच्या ऑफिसपासून आपल्या डब्ब्यापर्यंत मध्ये जे स्प्लिटर असतात त्यांना करंट लागतच नाही, नुसता प्रकाश वाटून देतात. त्यामुळे या भागाला माझे पाचपैकी पाच.

जरा खोलात जातो कारण इथली माहिती कोणी सांगत नाही. घरोघरी बहुतेक जे येतं ते जीपॉन, म्हणजे एका फायबरवर खाली येणारा डेटा साधारण २.५ गिगाबिट आणि वर जाणारा १.२५ गिगाबिट, आणि तो एकच फायबर स्प्लिटर लावून बहुतेक ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. प्रत्येक वेळी दोन भाग केले की प्रकाश निम्मा होतो, निम्मा म्हणजे साधारण ३ डीबी गेले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून डब्ब्यात लॉगिन केलं (काहींचं १९२.१६८.१०० ने सुरू होतं, डब्ब्याच्या खाली स्टिकर असतो) की ऑप्टिकल किंवा पॉन स्टेटस असं पान सापडतं, तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे डब्ब्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद, लिहिलेली असते. ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये पाहिजे, उणे वीसच्या आसपास असेल तर झकास, उणे सव्वीस-सत्तावीस दिसायला लागलं की समजायचं पाऊस आला की हे बोंबलणार. आमच्याकडे पहिल्या दिवशी बरोबर असंच होतं, आणि कारण काय तर आलेल्या पोराने उरलेली वायर गुंडाळून डब्ब्याच्या मागे कोंबली होती. मी म्हटलं, दादा हे एवढं दुमडू नका. तर म्हणे, काय नाय होत काका, सगळीकडे असंच असतं. मग त्यालाच त्याचा पॉवर मीटर लावायला सांगितला, वायर मोकळी करून मोठं वेटोळं केलं आणि आकडा उणे २१ वर आला. पोरगा समजूतदार होता, हसला आणि नीट क्लिप मारून गेला. साध्या फायबरला साधारण तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण द्यायचं नसतं, हल्लीचे घरात ओढायचे फायबर त्याहून जास्त वाकतात पण घडी कुठल्याच फायबरला चालत नाही, प्रकाश बाहेर गळतो.

आणखी एक, ते हिरवं टोक. डब्ब्यात जो पिन जातो तो बहुतेक हिरवा असतो, त्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा असतो तो सरळ. हिरव्यात निळा घुसतो पण दोन्ही टोकं नीट टेकत नाहीत आणि पॉवर पडते, त्यामुळे बाजारातून पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना पिन असलेली छोटी वायर) आणायची वेळ आली तर आधी रंग बघा. पिन काढलात तर टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, आणि त्यात डोळा घालून तर अजिबात बघू नका, येणारा प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही म्हणून नाहीये असं नाही. डब्ब्यावरच्या लाइटचं गणित सोपं, पॉन हिरवा स्थिर म्हणजे सगळं ठीक, पॉन लुकलुकतोय म्हणजे पलीकडच्या मशीनशी बोलणी चालू आहेत, एलओएस लाल म्हणजे प्रकाशच येत नाही, अशा वेळी रीस्टार्ट करत बसू नका, वायर तुटलीय किंवा पिन निघालाय, सरळ फोन करा. (जाता जाता, ही काच आपल्याच राज्यात बनते बरं का, छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइटचे ऑप्टिकल फायबरचे कारखाने आहेत. आपल्याला वाटतं सगळं चीनहून येतं.)

आता डब्बा. बिलावर ओएनटी लिहिलंय, म्हणजे फायबरमधला प्रकाश घेऊन लॅनवर नेट देणारं मशीन, सोसायटीत सगळे मोडेम म्हणतात. फुकट दिलाय म्हणजे डिपॉझिटवर. मागे दोन लॅन पोर्ट आहेत आणि दोन्ही दिसायला सेम, पण एक गिगाबिटचा आणि दुसरा फक्त १०० चा, स्टिकरवर बारीक अक्षरात जीई आणि एफई लिहिलेलं असतं. माझी केबल अर्थातच एफईमध्ये खोचलेली होती. १०० च्या पोर्टवर तुम्ही ५०० चा प्लॅन घ्या नाहीतर एक गिगाचा घ्या, स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर जाणार नाही. हा ९४ आकडा लक्षात ठेवा. टेस्टमध्ये नेहमी ९३-९४ वर येऊन थांबत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी घरातलं बघा, कुठेतरी १०० ची अडचण बसलेली असणार. कस्टमर केअरच्या बाईंनी मला सांगितलं सर तुमचा लॅपटॉप जुना आहे, आणि वर राउटर अपग्रेड करायला सांगितलं. लॅपटॉप व्यवस्थित आहे.

वायफाय या डब्ब्याचं नुसतं २.४ गिगाहर्ट्झचं. आमच्या विंगेत प्रत्येक घरात एक असा डब्बा आहे आणि २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की हॉलमध्ये चाळीस मिळाले तरी नशीब. डब्ब्याला तीन स्टार, तेही फायबरचा भाग तो नीट सांभाळतो म्हणून.

आणि आता खरी गंमत, केबल. पोर्ट बदलून जीईमध्ये लावली तरी ९४ च! म्हटलं आता काय. केबलचं टोक उजेडात धरून बघितलं तर प्लगमध्ये आठपैकी चारच वायरी दाबलेल्या, उरलेल्या चार कापून आत ढकललेल्या. १०० एमबीपीएसला चार वायरी पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात, बाकीच्या चारातली एक जरी तुटली तरी दोन्ही बाजूची मशीनं बहुतेक गुपचूप १०० वर येतात, एरर नाही, लाइट लाल नाही, काही नाही, नेट चालूच असतं म्हणून कोणाला शंका पण येत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००० दिसायला पाहिजे.

टोकं नव्याने क्रिम्प करून (म्हणजे प्लग दाबून बसवून) घेतली असती तरी चाललं असतं पण केबलच बघितली तर ब्लेडने खरवडल्यावर वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरी तार. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात, वर छापलेलं असतं झोकात कॅट ६ (कॅट म्हणजे कॅटेगरी, लॅन केबलचा दर्जा), पण कॅटेगरी केबलच्या स्टँडर्डमध्ये असली तार बसतच नाही, तिथे शुद्ध तांबंच लागतं. घरात दोन-चार मीटरला चालून जाते, लांबवर नेली की त्रास, दोनदा वाकवली की आत तुटते, आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला करंट द्यायचा असेल तर अजिबात नको, रेझिस्टन्स जास्त असल्याने व्होल्टेज पडतं आणि केबल तापते. ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन, तांब्याचं बंडल हाताला जड लागतं.

तर तापकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात मीटरवर विचारलं तर त्याने सीसीएच पुढे केली, कॉपर आहे का म्हटल्यावर तोंड वाकडं करून म्हणाला कॉपर पाहिजे तर तसं बोला ना. भाव जवळजवळ दुप्पट. पुढच्या दुकानात फिनोलेक्सची कॅट ६ मिळाली, १५ मीटर कापून घेतली आणि त्यांनीच दोन्ही बाजूला क्रिम्प करून टेस्टरवर आठही दिवे लावून दाखवले. क्रिम्प करताना आपल्याकडे सगळे बी कलर कोड लावतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही बाजूला सेम. त्या दुकानदाराने मला कॅट ८ पण दाखवली, वेणी घातल्यासारखी जाडजूड, सोन्याची टोकं. ती ३० मीटरच्या आत ४० गिगाबिटसाठी असते, सर्व्हर रूममध्ये. घरी कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात नेते, फक्त तांब्याची पाहिजे. कॅट ६ घेतली कारण फरक मीटरमागे किरकोळ होता आणि भिंतीत एकदा पाइपातून ओढली की परत कोण काढतंय.

केबल बदलल्यावर लॅपटॉपला वायरवर २०० च्या जरा वर मिळायला लागले. प्लॅन तोच, डब्बा तोच. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी हे पण सांगून ठेवतो, नाहीतर डाउनलोडमध्ये २४ बघून लोक म्हणतात २०० कुठेत.

वायफायसाठी वेगळा राउटर लावला, टीपी-लिंकचा आर्चर सी६. घेताना एक बघा, याच कंपनीच्या सी५० वर पण एसी१२०० (वायफायच्या स्पीडचा आकडा) लिहिलेलं आहे आणि तो स्वस्त पडतो, पण सी५० चे पोर्ट १०० चे आहेत आणि सी६ चे गिगाबिट. म्हणजे १०० च्या आतल्या प्लॅनला सी५० पुरे, वरच्याला नाही. बॉक्सवरचा मोठा आकडा वाचून घेऊ नका, मागे पोर्टची ओळ वाचा. सी६ वर ५ गिगाहर्ट्झ मिळतं, त्याच खोलीत २०० पूर्ण येतात, मधे एक भिंत आली की दीडशे, दोन आरसीसी भिंती आल्या की २.४ वरच जावं लागतं. म्हणूनच तर आतल्या खोलीत केबल नेली. ऑफिसचे व्हिडिओ कॉल असतील तर टेबलापर्यंत वायरच न्या.

डब्बा ब्रिज मोडवर टाकून द्या (म्हणजे डब्बा नुसतं नेट पुढे देणार, लॉगिन आणि बाकीचं राउटर करणार) म्हटल्यावर लोकलवाल्याने जरा आढेवेढे घेतले पण दिला. मग पीपीपीओई चा, म्हणजे नेटला लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड सी६ मध्ये टाकला. काही जण मॅक बाइंडिंग ठेवतात, म्हणजे नोंदवलेल्या एकाच मशीनचा मॅक नंबर चालू देतात, नवा राउटर लावल्यावर त्यांना फोन करून मॅक बदलून घ्यावा लागतो, ते आधी विचारा. हे सगळं नको असेल तर राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (डब्ब्याचं नेट फक्त वायफायने वाटणारा) लावला तरी काम भागतं.

एका गोष्टीसाठी मात्र स्टार कापणार. आयपी सीजीनॅटचा आहे, म्हणजे राउटरच्या वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसतो, खरा पब्लिक आयपी अनेकांत मिळून एक. नेहमीच्या वापराला फरक पडत नाही, पण आमच्या बाबांनी गावाकडे असताना इथला कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर थेट बघायचा प्रयत्न केला तर होईना. स्टॅटिक, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या, आयपीचे वर्षाचे वेगळे पैसे सांगतात, ते कनेक्शन देताना बोलायला पाहिजे होतं.

मिनी यूपीएस घेतलाय, १२ व्होल्टचा. गुरुवारी लाइट जाते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. घेताना डब्बा आणि राउटर दोघांच्या अडॅप्टरवरचे अँपिअर मिळवून बघा, दोन्ही एकावर चालवायचे तर एक अँपिअरवाला पुरणार नाही. साधारण तीन-साडेतीन तास निघतात आणि वर म्हटलं तसं मधल्या स्प्लिटरला करंट लागत नसल्याने नेट पण चालू राहतं.

सर्व्हिसबद्दल तक्रार नाही. पावसाळ्याआधी महापालिकेची झाडं छाटायची गाडी आली आणि फांदीबरोबर आमची ड्रॉप केबल (रस्त्यावरून घरापर्यंतचं फायबर) पण खाली, एलओएस लाल. दुपारी फोन केला, संध्याकाळी पोरगा फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं मशीन घेऊन हजर, आणि या वेळी न सांगता वेटोळं मोठं ठेवलं. मोठ्या कंपनीत तिकीट नंबर मिळतो, इथे माणूस येतो.

एकूण कनेक्शनला चार स्टार, सोबत दिलेल्या केबलला शून्य. नवीन घेणार असाल तर इन्स्टॉलेशनच्या दिवशीच आरएक्स पॉवरचा फोटो काढून ठेवा, गिगाबिट पोर्टमध्येच केबल लावून घ्या, लॅनची केबल आपली आपण आणतो म्हणून सांगा, तेवढे पैसे कमी करतात का तेही विचारा, आमच्याकडे केले. डिपॉझिटची पावती डब्ब्याच्या सीरियल नंबरसकट घ्या. माझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, त्यांच्या ऑफिसमधून ३०० चा प्लॅन घ्या म्हणून फोन येतोय, घेणार नाहीये.