जुना भटनागर की नवा विज्ञान पुरस्कार?

आरोग्य संशोधनातल्या मानाचा विषय निघाला की आधी शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचं नाव येतं. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेने 1958 पासून दिलेला, वैद्यकशास्त्रासह सात विषयांचा. वयोमर्यादा 45 आणि हाती पाच लाख रुपये. 2015 साली मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांना तो वैद्यकशास्त्रासाठी मिळाला.

2024 पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू झाले. भटनागरांचं नाव आता त्यातल्या ‘विज्ञान युवा’ गटात आहे. सन्मान पदक आणि मानपत्राचा. पैशाच्या बाबतीत जुनाच उजवा, आणि तरुण संशोधकाला पाच लाख म्हणजे मोठाच आधार होता.

तरीही माझं मत नव्याच्या बाजूने. कारण त्यातला ‘विज्ञान टीम’, म्हणजे एकट्याला नव्हे तर संशोधकांच्या चमूला मिळणारा पुरस्कार. 2020 मध्ये पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, करोनाचा विषाणू वेगळा केला गेला, त्यावर पुढे कोव्हॅक्सिन उभी राहिली. नमुने हाताळणारे, पेशी वाढवणारे, प्राण्यांवर चाचण्या करणारे, असे कितीतरी हात त्यामागे होते. जुन्या चौकटीत यातलं एखादंच नाव बसलं असतं. शिवाय आयुष्यभराच्या कामासाठीच्या ‘विज्ञान रत्न’ला वयाची अट नाही: पहिला मान मलेरियावर आयुष्य घालवलेल्या गोविंदराजन पद्मनाभन यांना मिळाला.