सहा रिकाम्या ट्यूब आणि ९,६९९ रुपये : झुरळांच्या नावाखाली नाशिकमध्ये झालेली फसवणूक

आमच्या स्वयंपाकघरात झुरळे झाली होती हे लिहितानाही मला संकोच वाटतो, कारण घरात झुरळ दिसले की त्या घरातल्या बाईच्या स्वच्छतेवर बोट ठेवले जाते, आणि याच संकोचामुळे मी शेजारी कोणालाही न विचारता इंटरनेटवर सापडलेल्या एका कीड नियंत्रणवाल्याच्या क्रमांकावर फोन केला. ती झुरळे बारकी, तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेली होती. ही जात बहुतेक वेळा खोकी, पोती आणि जुन्या सामानातून घरात शिरते, आणि आमच्याकडे गावाहून आलेले कांद्याचे पोते व द्राक्षांची रिकामी खोकी ट्रॉलीला खेटूनच ठेवलेली होती. हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते.

फोनवर दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचे मिळून १,१०० रुपये सांगण्यात आले, बुकिंगचे म्हणून १९९ रुपये लगेच मागवून घेतले आणि झुरळांनी खाऊन मरावे म्हणून ठिपक्यांनी लावायच्या विषारी जेलबद्दल "मॅडम, जेलला वास नसतो, भांडीसुद्धा काढायची गरज नाही" असे ठामपणे सांगितले. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दोन तरुण आले. थोडे जेल लावून झाल्यावर त्यांनी आम्हाला हॉलमध्ये जाऊन दार लावून बसायला सांगितले. जेलला वास नसेल, तर आम्ही बाहेर का बसायचे? हा प्रश्न माझ्या मनात त्याच क्षणी आला होता आणि तो मी विचारला नाही, याचा मला आजही राग येतो. पाण्याच्या साध्या बाटलीतले पांढरे द्रावण ते पंपात ओतताना मी पाहिले आणि लेबल का नाही असे विचारलेही. "मोठ्या कॅनमधून काढून आणलंय" या उत्तरावर मी गप्प बसले.

तासाभराने ओट्यावर सहा रिकाम्या ट्यूब मांडून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या तीन ट्यूबच्या तोंडाशी जेल वाळून दगडासारखे घट्ट झालेले होते. तासाभरापूर्वी उघडलेल्या ट्यूबचे तोंड असे वाळत नाही, एवढे समजायला कोणत्याही शिक्षणाची गरज नव्हती. मी एका कार्यालयात इतरांची बिले तपासण्याचे काम करते, तरीही मी ते पाहिले आणि सोडून दिले, कारण त्याच वेळी फरशीवर पंचवीस-तीस झुरळे उलटी पडून तडफडत होती आणि काम झाले म्हणून मला हायसे वाटले होते. प्रत्येक ट्यूबचे ६५० याप्रमाणे ३,९०० रुपये वेगळे लावले गेले. एका स्वयंपाकघराला एक ट्यूबही पुरून उरते, हे मला नंतर कळले. त्यानंतर वर्षभरात चार फेऱ्यांचा करार म्हणून ४,५०० रुपये मी यूपीआयने भरले, आणि पैसे घेणाऱ्याचे नाव पावतीवरच्या नावाशी जुळत नव्हते. एकूण ९,६९९ रुपये गेले. त्या रात्री दम्याचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाई पहाटेपर्यंत खोकत होत्या. पैशांपेक्षा ते मला जास्त लागले आहे.

तीन आठवड्यांत ट्रॉलीच्या बिजागऱ्यांमधून बारीक पिल्ले बाहेर पडू लागली. या जातीची मादी तीस ते चाळीस अंड्यांचा कोष पिल्ले निघण्याच्या बेतापर्यंत स्वतःच्या अंगाशी बाळगते आणि फवारा त्या कोषापर्यंत पोहोचत नाही. शिवाय जेलवर फवारा मारला, तर झुरळे ते जेल खातच नाहीत. म्हणजे जे थोडे जेल खरोखर लावले होते, तेही त्यांनीच वाया घालवले. जो माणूस एकाच जागी जेल आणि फवारा दोन्ही मारतो, त्याला तिथेच थांबवावे.

त्यांना फोन केला, तर आधी "टेक्निशियन सुट्टीवर आहे" असे सांगण्यात आले, मग फोन बंद झाला. गंगापूर रोडवरच्या छापील पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे दुकान निघाले. पोलिसांनी पैसे तुम्ही स्वखुशीने दिले असून हा दिवाणी वाद आहे असे सांगितले, बँकेने पिन तुम्हीच टाकला असे सांगितले, आणि ज्या सरकारी कार्यालयात मी परवान्याबद्दल विचारायला गेले, तिथे "झुरळांचं इथे काय?" असे विचारून मला या टेबलावरून त्या टेबलावर तीन वेळा पाठवण्यात आले, तीही तिन्ही वेळा अर्धी रजा टाकून. वास्तविक कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखालील नियमांनुसार व्यावसायिक कीड नियंत्रणासाठी परवाना लागतो. डायक्लोरव्हॉससारख्या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. परंतु बाटलीला लेबलच नसल्यामुळे आमच्या घरात काय फवारले गेले हे सिद्ध करण्याचा मार्ग उरला नाही, आणि ते शोधणे हे आपले काम आहे असे एकाही अधिकाऱ्याला वाटले नाही. फसलेल्या माणसाला आरोपीसारखे उभे करून प्रश्न विचारायचे आणि फसवणाऱ्याचा क्रमांक टिपूनही घ्यायचा नाही, याला तक्रार नोंदवणे म्हणत नाहीत.

घरी येणाऱ्याकडे परवान्याची प्रत आधी मागा. सीलबंद ट्यूब तुमच्यासमोर फोडायला लावा, रिकाम्या ट्यूब मोजू नका. पूर्ण वर्षाचे पैसे पहिल्या दिवशी देऊ नका. मी आता स्वतः एक ट्यूब आणून बिजागऱ्या, फ्रिजच्या मागची बाजू आणि सिंकखालचे कोपरे इथे मोहरीएवढे ठिपके लावले आहेत, खोकी टाकून दिली आहेत आणि रात्री सिंक कोरडे ठेवते. ठिपक्यांच्या आसपास फिनाईल लावत नाही. दोन महिन्यांत फरक स्पष्ट दिसतो आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणून तिथे तक्रारीची कागदपत्रे तयार करत आहे. शिक्का नसलेली, पिवळ्या कागदावरची, वर "आजीवन हमी" असे छापलेली पावती नाशिकमध्ये आणखी कोणाकडे असेल, तर त्यांनी ती लाजेपोटी फाडून टाकू नये. यूपीआयच्या नोंदीसह जपून ठेवावी आणि आपली तक्रार दाखल करावी.