पदक खरं, कागद खोटा

जर्मनीत राहून जुन्या लष्करी पदकांचा अभ्यास करणाऱ्या किंवा तिथल्या जुन्या बाजारातून एखादं पदक घरी आणायचं मनात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझे ४२० युरो गेले. पदक अस्सल निघालं, फसले ते सोबतच्या कागदात.

फ्रान्सबरोबरच्या १८७०-७१ च्या युद्धानंतर, मे १८७१ मध्ये सम्राट पहिला विल्हेल्म याने युद्धस्मृतिपदक सुरू केलं. प्रत्यक्ष लढलेल्यांना ब्राँझचं, बाकीच्यांना पोलादाचं. ब्राँझ होतं फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफांचं, आणि तसं पदकाच्या कडेवर कोरलेलंही असतं: ‘आउस एरोबेर्टेम गेशुत्झ’, जिंकलेल्या तोफेतून. अशी पदकं लाखोंनी वाटली गेली, म्हणून नुसतं पदक आजही स्वस्तात मिळतं. त्यावर सैनिकाचं नाव नसतं. नाव असतं ते पलटणीने दिलेल्या ‘बेझिट्झत्सॉइग्निस’वर, म्हणजे पदक धारण करण्याच्या दाखल्यावर. पदकासोबत तो दाखला असला की किंमत एकदम चढते.

मी वेस्टफालियाच्या सोळाव्या पायदळ रेजिमेंटचा अभ्यास करत होते. १६ ऑगस्ट १८७० ला मार्स-ला-तूरजवळ ही रेजिमेंट ज्या ब्रिगेडमध्ये होती, त्या ब्रिगेडची निम्म्याहून जास्त माणसं एका दुपारी पडली. त्यातून वाचलेल्या एका शिपायाचं पदक, रिबनवर ‘व्हियोनव्हिल–मार्स ला तूर’ची पट्टी आणि जुलै १८७१ चा दाखला, असं सगळं एका टेबलावर एकत्र दिसलं आणि माझे हात थरथरले. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, मृदू बोलणारे. “आमच्या पणजोबांचं आहे, घरात आता कुणाला किंमत नाही,” म्हणाले. मी भिंग काढून पदकाची कड फिरवून फिरवून वाचली, अक्षरं चोख होती. कागद मात्र उजेडात धरून नुसता डोळ्यांखालून घातला.

पुढचे चार महिने मी त्या शिपायाच्या मागे होते. त्याच्या गावच्या चर्चला पत्रं लिहिली, जन्मनोंदी मागवल्या. त्या नावाचा माणूस कुठेच नव्हता. तरी मला संशय आला नाही, मला वाटलं नोंद हरवली असेल.

शेवटी जुनी हस्ताक्षरं वाचणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी दाखला ओळ-ओळ वाचला आणि पट्टीच्या उल्लेखावर बोट ठेवलं. लढायांच्या नावांच्या या पट्ट्या दुसऱ्या विल्हेल्मने १८ ऑगस्ट १८९५ ला, युद्धाच्या पंचविसाव्या वर्षी सुरू केल्या. १८७१ च्या दाखल्यात त्यांचं नाव येणारच कसं? पाठोपाठ त्या म्हणाल्या, “हे अक्षर झुटरलीनचं आहे.” लुडविग झुटरलीनने ही लिपी १९११ मध्ये तयार केली, १८७१ चा कारकून कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाने लिहायचा. ‘टाइलनामे’ (सहभाग) हा शब्दही आजच्यासारखा लिहिला होता, तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यात ‘ट’नंतर ‘एच’ हवा होता.

घरी येऊन खोली अंधारी केली आणि नोटा तपासायचा अतिनील दिवा कागदावर धरला. चहाच्या रंगाचा तो जुनाट कागद निळसर-पांढरा लख्ख चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी रसायनं घालतात, त्यांची ती चमक. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कागदात ती नसतात. शेजारी ठेवलेलं त्याच काळातलं खरं पत्र मात्र मंद, काळपट राहिलं.

वेस्टफालिया तेव्हा प्रशिया या जर्मन राज्यात होता. फसवणाऱ्याने रेजिमेंट प्रशियाची निवडली, हेही उगाच नसावं. १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पॉट्सडॅमचं लष्करी दफ्तर जळालं आणि प्रशियन सैनिकांच्या बहुतेक नोंदी त्यात गेल्या. इतर जर्मन राज्यांच्या नोंदी, म्हणजे बव्हेरियाच्या म्युनिकमध्ये, व्युर्टेम्बर्गच्या स्टुटगार्टमध्ये, अजून बऱ्याच शाबूत आहेत. तिथल्या शिपायाचं खोटं नाव पकडलं जाऊ शकतं. प्रशियन दाखला हाती आला तर मी आता दुप्पट वेळ घेते. पैसे देण्याआधी फोटो काढून नेते आणि दोन दिवस थांबते. विकणारा “आजच घ्या” म्हणाला तर तिथून निघते.

मी त्या गृहस्थांकडे परत गेले. त्यांनी माझीच पावती दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं ‘एक पदक, जुन्या कागदासह’. ‘अस्सल’ नाही, ‘१८७१’ही नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण या पावतीवर पैसे परत मिळण्याची आशा मला फारशी नाही.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या दुपारी खरोखर मेलेल्या शेकडो माणसांच्या शेजारी मी माझ्या टिपणवहीत कधीच नसलेला एक माणूस उभा केला होता. ते पान फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहिलं. दाखल्याच्या मागच्या बाजूला जर्मनमध्ये मोठ्या अक्षरांत ‘बनावट’ असं लिहून ठेवलं आहे. शाईने, म्हणजे माझ्यानंतर कुणाला तो खोडून पुन्हा विकता येणार नाही.