हळद की दारुहळद? मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुढे दोन वनस्पतिद्रव्ये

गेल्या आठवड्यात वहिनींनी दादरहून दोन बाटल्या आणल्या. एक हळदीतल्या कर्क्युमिनची आणि दुसरी दारुहळदीतल्या बर्बेरिनची. दादांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप (अस्तरावरच्या गाठी, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो) नुकतेच काढले आहेत आणि परळच्या रुग्णालयात फेरतपासणीची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडे आतून पाहणे) व्हायची आहे; तोवर यांतले काय सुरू करावे, हा त्यांचा प्रश्न.

प्रयोगशाळेवरून निवड होत नाही, कारण तिथे दोन्ही द्रव्ये सरस ठरतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून वाढवलेल्या एचटी-२९ किंवा एचसीटी-११६ पेशींवर कर्क्युमिन घातले की त्यांचे विभाजन अडते आणि त्या मरू लागतात. बर्बेरिननेही तसेच घडते, शिवाय दाह वाढवणारे कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) दबते. मात्र अशा प्रयोगांत कर्क्युमिन बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचे एकक) वापरतात, आणि रोज ८ ग्रॅम घेणाऱ्या माणसांच्या रक्तात ते सरासरी २ मायक्रोमोलरच्याही आतच आढळले. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे दुधात घातलेल्या चमचाभर, ३ ग्रॅम हळदीतून जेमतेम ९० मिलिग्रॅम पोटात जाते. रक्तात न शिरलेले द्रव्य आतड्यातच राहते आणि तिथल्या अस्तराला थेट लागते, ही आशेची बाजू खरी आहे, पण ती माणसांवर पडताळावी लागते.

ती पडताळणी झाली आहे. आनुवंशिक पॉलिपच्या रुग्णांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा पॉलिपची संख्या किंवा आकार यांत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१८ चा. चीनमध्ये पॉलिप काढलेल्या लोकांना २ वर्षे दिवसातून दोनदा ०.३ ग्रॅम बर्बेरिन दिले, तेव्हा ३६ टक्के लोकांत पॉलिप पुन्हा आले, प्लासिबो घेणाऱ्यांत ४७ टक्के. हा २०२० चा. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे असल्याने त्यांची थेट बरोबरी होत नाही, तरी दादांची स्थिती दुसऱ्या चाचणीच्या जवळची आहे.

म्हणून माझे मत बर्बेरिनकडे झुकते, पण मनाने सुरू करण्याकडे नाही. ते रक्तातली साखर उतरवते आणि दादा मधुमेहाची गोळी घेतात. बद्धकोष्ठताही होऊ शकते. बाजारातल्या दारुहळदीच्या चूर्णात बर्बेरिन किती, हे पुडीवरून कळत नाही, त्यामुळे चाचणीतली मात्रा चूर्णातून साधत नाही.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी दोन्ही बाटल्या दूर ठेवाव्यात. बर्बेरिन ज्या विकराला मंदावते, त्याच विकराकडून शरीर इरिनोटेकान हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे केमोथेरपीचे औषध अंशतः मोडते. इरिनोटेकानचे मूळही वनस्पतीतच आहे: आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही मिळणारे कॅम्प्टोथेसिन. ते १९६६ मध्ये ओळखले गेले आणि त्यापासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

कर्क्युमिनची बाटली परत करावी, असे मी वहिनींना सांगितले. बर्बेरिनची न उघडता, दादांच्या सगळ्या गोळ्यांच्या यादीसह, परळच्या डॉक्टरांपुढे ठेवायची आहे. कोलोनोस्कोपीची तारीख मात्र कोणत्याही गोळीसाठी पुढे ढकलायची नाही.