हापूस आणि रत्ना : फळ पोसण्यातला फरक

रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली आंब्याची जात, म्हणजे हापूसचीच लेक. तरीही दोघांची फळे झाडावर सारखी वागत नाहीत. वाटाण्याएवढी कैरी, मग सुपारीएवढी, मग अंड्याएवढी हा क्रम दोन्हींकडे एकच आहे. सुरुवातीला पेशींची संख्या वाढते, पुढे त्याच पेशी फुगतात आणि शेवटी बाठा कठीण होऊन गरात पिष्ट साठते. मात्र रत्नाचे फळ सहसा हापूसपेक्षा वजनदार होते.

खरा फरक शेवटच्या टप्प्यात दिसतो. हापूसचे खांदे देठाच्या वर चढतात, देठाजवळ खळगा पडतो, आणि बाहेरून निर्दोष वाटणारे हे फळ कापल्यावर कधी कधी बाठ्याभोवती पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. हाच साका. फळ जितके जास्त पक्व होऊन उतरवावे, तितका त्याचा धोका वाढतो. म्हणूनच जाणते बागायतदार साधारण चौदा आणे तयारीवर, म्हणजे फळ पूर्ण (सोळा आणे) पक्व होण्याच्या थोडे आधीच, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) देठासकट काढणी करतात. रत्नात साका होत नाही आणि ती दरवर्षी फळते, तर हापूस बहुधा वर्षाआड.

सुगंधात मात्र हापूसला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी नवी लागवड करताना काही कलमे रत्नाची अवश्य लावावीत.